रबिंग की फोटोअलाइनमेंट? एलसीडीतले डाग कमी करताना

अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळा पडदा लावला की पॅनेलचे दोष उघडे पडतात. बारीक समांतर रेषा, राखाडी ढग, कुठूनतरी झिरपणारा उजेड. द्रवस्फटिकांच्या रेणूंना दिशा देणारा पॉलिइमाइडचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) थर जेमतेम १०० नॅनोमीटरचा. तिथली चूक थेट डोळ्यांना दिसते.

ही दिशा थरावर उमटवण्याच्या दोन पद्धती आहेत. रबिंगमध्ये मखमली कापड गुंडाळलेला रोलर या थरावरून फिरतो. काम झटपट होतं, यंत्र स्वस्त पडतं. पण कापडाचा प्रत्येक धागा सारखा दाबत नाही, म्हणून पट्टे उमटतात. धूळ उडते, स्थिर विजेने ट्रान्झिस्टर जळू शकतात. सगळ्यात छळणारी जागा स्पेसरच्या (दोन काचांमधलं अंतर राखणाऱ्या बारीक खांबांच्या) आडोशाची: तिथे कापड नीट पोहोचत नाही, रेणू विस्कटतात आणि काळ्यात उजेड गळतो. पिक्सेल जितके बारीक, तितका हा आडोसा महागात पडतो.

फोटोअलाइनमेंटमध्ये स्पर्शच नाही. ध्रुवित अतिनील प्रकाश दिशा ठरवतो. मार्टिन शाट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रकाशाने जोडल्या जाणाऱ्या पॉलिमरवर हे करून दाखवलं. शार्पने २००९ मध्ये टीव्ही पॅनेलसाठी हे तंत्र जाहीर केलं, तेव्हा रेणूंना झुकवण्यासाठी पिक्सेलमध्ये ठेवलेले उंचवटे आणि खाचा काढता आल्या आणि ५०००:१ कॉन्ट्रास्टचा दावा केला गेला.

आयपीएस पॅनेल (ज्यात रेणू काचेला समांतर फिरतात) करणाऱ्याने माझ्या मते फोटोअलाइनमेंटकडेच यावं. रबिंगमुळे रेणू एक-दोन अंशांनी उचलले जातात आणि बाजूने पाहताना रंग असमान दिसतात. प्रकाशाने हा कल जवळपास शून्यावर येतो. टीएनमध्ये (ज्यात रेणू पिळासारखे वळलेले असतात) मात्र तोच कल हवा असतो, नाहीतर रेणू उलटसुलट झुकून रेषा पडतात. म्हणून वजनकाटा किंवा वीजमीटरच्या अशा डिस्प्लेसाठी रबिंग सोडू नका. कापड वेळेवर बदला, स्थिर वीज घालवणारा आयोनायझर लावा, घासल्यावर काच धुवा. बरेच डाग तिथेच जातात.

प्रकाशाची बाजू घेताना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. रबिंगचा दोष बहुधा कारखान्यातल्या तपासणीतच दिसतो. फोटोअलाइनमेंटची रेणूंवरची पकड सैल राहिली, तर आधीच्या चित्राची सावली वापरानंतर उरू लागते, म्हणजे ग्राहकाच्या घरी. शिवाय थराचे बंध तोडणाऱ्या प्रकारात उरलेले तुकडे नीट धुतले-भाजले नाहीत, तर चमकते ठिपके येतात.

म्हणून नमुना पॅनेलवर काळ्या-पांढऱ्या चौकटी काही तास ठेवा, मग एकसारखा करडा पडदा लावा. चौकटी अजून दिसत असतील, तर यंत्राची ऑर्डर थांबवून आधी पुरवठादाराकडे दुसरा पॉलिइमाइड मागा.