सर्व्हिसेस बंद करून फ्लाइट सिम्युलेटर खरंच सुधारतो का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधी तोच. ‘अमुक सर्व्हिसेस बंद करा, सिम्युलेटर सुधारेल’ अशा याद्या व्हिडिओंमधून फिरतात. विंडोजच्या बॅकग्राउंड सर्व्हिसेस, म्हणजे मागे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, बंद करून माझा सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) वाढला नाही. जो काही फरक दिसला तो दोन सारख्या उड्डाणांमध्येही दिसतो, तेवढाच. पण ऐन लँडिंगच्या वेळी चित्र क्षणभर गोठायचं, ते जवळपास बंद झालं. आणि ज्या गोष्टींमुळे बंद झालं, त्यातल्या निम्म्या सर्व्हिसेसच्या यादीत नव्हत्याच.

माझं मशीन असं: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६०, सुरुवातीला १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ आणि साधा १०८०पी मॉनिटर. सिम्युलेटर म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२०ची आवृत्ती, स्टोअरवरून घेतलेली. विमान फ्लायबायवायर या गटाचं मोफत अ‍ॅड-ऑन (वरून बसवायची जोड), ए३२०निओ. तुमच्याकडे जुना फोर-कोर प्रोसेसर आणि हार्ड डिस्क असेल, तर खालचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही.

मी कोपरखैरण्याला राहतो. मुंबईच्या रनवे २७वर उतरणारी विमानं आमच्या टेरेसवरून साधारण दोन हजार फुटांवर असतात, त्यामुळे चाचणीला मार्ग शोधावा लागला नाही. पुण्याहून निघायचं, रनवे २७चा आयएलएस (विमानाला रनवेपर्यंत आणणारा रेडिओ सिग्नल) पकडायचा आणि शेवटचे दहा मैल मोजायचे. त्या दहा मैलांत सिम्युलेटरला सगळं काही करावं लागतं: नवी मुंबईच्या इमारती, मग ठाण्याची खाडी, मग घाटकोपरची दाटी आणि लगेच विमानतळ. हवामान स्वच्छ, वेळ दुपारची, एआय ट्रॅफिक (सिम्युलेटरने स्वतः उडवलेली इतर विमानं) बंद. या तीन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय कुठल्याही मोजमापाला अर्थ नाही. ‘मला दहा एफपीएस जास्त मिळाले’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, दोन्ही वेळा ढग तेवढेच होते का.

मोजायला कॅपफ्रेमएक्स हे सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट आहे. सरासरीकडे बघूच नका, फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख बघा. ३० एफपीएसला एका फ्रेमला साधारण ३३ मिलिसेकंद मिळतात. आलेख त्या रेषेला धरून चालला तर ३० एफपीएससुद्धा लोण्यासारखा वाटतो, आणि मध्येच अडीचशे मिलिसेकंदांचा सुळका आला तर सरासरी ४५ असूनही हात थरथरतो. ए३२० वजनानुसार १३५ ते १४० नॉटने येतं. १४० नॉट म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. पाव सेकंद चित्र गोठलं की विमान १८ मीटर पुढे गेलेलं असतं, आणि फ्लेअर (टेकण्याआधी विमानाचं नाक उचलणं) सुरू होतो जेमतेम ३० फुटांवर. क्रूझमध्ये कितीही अडखळू दे, चहा पीत बसता येतं. फ्लेअरच्या वेळी मात्र सगळा खेळच खलास.

सर्व्हिसेस बंद करूनही सरासरी का हलत नाही, याचं कारण सिम्युलेटर स्वतःच दाखवतो. डेव्हलपर मोड सुरू करून एफपीएसचा डिस्प्ले लावला की ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ अशी ओळ दिसते. म्हणजे काम एका थ्रेडवर, प्रोसेसरच्या एकाच रांगेत, तुंबलेलं आहे. प्रोसेसरच्या बारा थ्रेडपैकी बाकीचे बऱ्यापैकी मोकळेच असतात, आणि बॅकग्राउंडची किरकोळ कामं विंडोज तिकडे ढकलतं. तुम्ही फॅक्सची सर्व्हिस बंद केलीत म्हणून मेनथ्रेडचा भार तसूभरही हलत नाही.

मग सर्व्हिसेस बंद करायचा हा सल्ला आला कुठून? तो एकेकाळी खराच होता. एफएसएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच जुना फ्लाइट सिम्युलेटर, २००६ साली आला तेव्हा अनेकांच्या घरी सिंगल कोअर, एक जीबी रॅम आणि एक्सपी. त्या मशीनवर वीस-पंचवीस एमबी मोकळे झाले तरी फरक जाणवायचा, आणि अँटिव्हायरस जागा झाला की विमान हवेतच थबकायचं. तेव्हाच्या याद्या आजही जशाच्या तशा फिरतायत, फक्त व्हिडिओचा थंबनेल नवा.

टास्क मॅनेजर उघडून ‘सर्व्हिस होस्ट’च्या लांबलचक रांगा बघून घाबरायचंही कारण नाही. २०१७च्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या मशीनवर विंडोज बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं. पूर्वी एकाच प्रोसेसमध्ये दहा-बारा कोंबलेल्या असायच्या, आता सुट्ट्या दिसतात. सोसायटीच्या पाटीवर साठ नावं असली म्हणून साठही जण एकाच वेळी जिन्यात उभे नसतात, तसंच ‘रनिंग’ लिहिलेल्या बहुतेक सर्व्हिसेस नुसत्या पडून असतात.

आता एकेक.

सिसमेन, म्हणजे जुनं सुपरफेच. नेहमी लागणारे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणं हे त्याचं काम. रॅमची गरज पडली की ती जागा विंडोज सोडून देतं. एसएसडीवर बंद करून बघितलं, चालू करून बघितलं, आलेखात काहीही वेगळं नाही. हार्ड डिस्कवर मात्र त्याचा उपयोग होतो, तिथे चालूच ठेवावं.

टेलिमेट्रीची, म्हणजे वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी सर्व्हिस बंद केली, तशीच ठेवली. फायदा शून्य, तोटाही शून्य. मनाचं समाधान म्हणा.

प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामं सांभाळणारी सर्व्हिस, प्रत्येक यादीत असतो. घरात प्रिंटर नसेल तर खुशाल बंद करा. २०२१ मध्ये त्यात सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं होतं, त्यामुळे नको असेल तर बंद असलेलाच बरा. पण प्रिंटर असेल तर नका नादी लागू. हयातीच्या दाखल्याची प्रत काढायला बाबा प्रिंटरपाशी उभे, आणि यादीत प्रिंटरच दिसत नाही, अशा वेळी एफपीएसचं स्पष्टीकरण घरात कोणी ऐकून घेत नाही.

विंडोज सर्चवर जरा थांबतो, कारण खरा मासा इथे गळाला लागला. इंडेक्सिंग म्हणजे फायली आधीच चाळून ठेवणं. एरवी ते सिम्युलेटरच्या मूळ फोल्डरकडे फिरकतही नाही, कारण अ‍ॅपडेटा इंडेक्सिंगमधून आधीच वगळलेलं असतं. पण माझी सगळी अ‍ॅड-ऑन्स डॉक्युमेंट्समधल्या एका फोल्डरमध्ये होती आणि तिथून कम्युनिटी फोल्डरमध्ये (सिम्युलेटर अ‍ॅड-ऑन्स जिथून वाचतो ते) लिंक केलेली होती. बरेच जण असं करतात, सोयीचं पडतं. डॉक्युमेंट्स इंडेक्स होतं. शिवाय तेच फोल्डर क्लाउडवर चढवणारं एक अ‍ॅपही मागे चालू होतं. अ‍ॅड-ऑनचं अपडेट आलं की हजारो बारीक फायली बदलायच्या. मग इंडेक्सिंग, क्लाउडवर चढवणं आणि अँटिव्हायरसची तपासणी, तिघेही एकदमच त्यांच्यावर तुटून पडायचे. सुळके नेमके अपडेटनंतरच्या उड्डाणातच का येतात, याचा उलगडा तेव्हा झाला.

उपाय सर्व्हिस बंद करणं नव्हताच. फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं, क्लाउडच्या अ‍ॅपला उडताना पॉज केलं आणि सिम्युलेटरच्या पॅकेजेसचं फोल्डर डिफेंडरच्या (विंडोजच्या अँटिव्हायरसच्या) एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत टाकलं. अ‍ॅड-ऑन खात्रीच्या ठिकाणाहून घेत असाल तरच हे शेवटचं करा. क्रॅक केलेली विमानं डाउनलोड करणाऱ्यांनी तर मुळीच नको. यानंतर पुणे-मुंबईचा आलेख बघितला तर खाडीवरचे सुळके गायब. सर्च सर्व्हिस आजही चालू आहे.

विंडोज अपडेटची सर्व्हिस डिसेबल करायच्या भानगडीत पडू नका. ती काही दिवसांनी आपोआप पुन्हा जागी होते, आणि बंद असेपर्यंत स्टोअरवरून काही उतरत नाही, म्हणजे सिम्युलेटरचं अपडेटही अडकतं. त्यापेक्षा अपडेट आठवडाभर पॉज करा, अ‍ॅक्टिव्ह अवर्स लावा. त्या तासांत विंडोज आपोआप रीस्टार्ट होत नाही, आणि ते १८ तासांपर्यंत ठेवता येतात. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे पीसींमध्ये अपडेट वाटून घेण्याची सोय, तिथे ‘इतर पीसीवरून डाउनलोड’ बंद करा. सिम्युलेटर जमिनीचं चित्र इंटरनेटवरून ओढत असतो. २०२०च्या आवृत्तीला २० एमबीपीएस सुचवलेले आहेत, त्यात आणखी वाटेकरी कशाला?

एक्सबॉक्सच्या नावाच्या सर्व्हिसेस हा सगळ्यात मोठा सापळा. ‘मी कुठे एक्सबॉक्स खेळतो’ म्हणून लोक त्या सरसकट उडवतात. स्टोअरवरून घेतलेला सिम्युलेटर साइन-इन त्याच वाटेने करतो. एक्सबॉक्स लाइव्ह ऑथ मॅनेजर आणि गेमिंग सर्व्हिसेस या दोघांना हात लावायचा नाही. बंद करण्यासारखं आहे ते गेम बारचं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग.

आमच्या बिल्डिंगमधला इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा मध्यंतरी सीपीयू उचलून घरी आला. “काका, वाय-फायच दिसत नाहीये. कार्ड गेलं वाटतं.” मी सर्व्हिसेसची खिडकी उघडली, डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग (वाय-फाय चालवणारी सर्व्हिस) डिसेबल्ड. खाली बघत गेलो तर प्रिंट स्पूलर, ब्लूटूथ, दोन-तीन एक्सबॉक्सच्या, सगळ्यांची तीच गत. कुठल्याशा व्हिडिओखालून घेतलेली एक बॅच फाइल (एकामागून एक आज्ञा चालवणारी फाइल) त्याने अ‍ॅडमिन म्हणून चालवली होती.

“आत काय आहे ते वाचलं होतंस का?”

“वाचलं ना काका. म्हणजे खालच्या कॉमेंट वाचल्या. सगळे छान म्हणत होते.”

डब्ल्यूलॅन ऑटोमॅटिक केलं, बाकीच्या मॅन्युअलवर आणल्या, वाय-फाय आलं. फायदा किती झाला विचारलं तर म्हणाला, “तसा फील आला होता.” कार्ड बदलायला गेला असता तर फुकट पैसे गेले असते.

त्यामुळे माझा नियम असा की तयार स्क्रिप्ट नको आणि एका वेळी एकच सर्व्हिस. डिसेबल्डऐवजी शक्यतो मॅन्युअल करा, म्हणजे कुणाला गरज पडली तर विंडोज ती स्वतः सुरू करू शकतं. आधी रिस्टोअर पॉइंट (विंडोजला मागच्या स्थितीत नेण्याची सोय), आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मूळ सेटिंग काय होतं त्याची नोंद. विंडोजची मोठी आवृत्ती आली की काही सेटिंग पूर्वपदावर जातात, तेव्हाही ही नोंद कामी येते.

आता ज्याने खरोखर फरक पडला ते. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे जमिनीचा तपशील किती लांबपर्यंत दाखवायचा ते सेटिंग, २००वरून ११०वर आणलं आणि घाटकोपरवर एफपीएस पटकन वर गेला, कारण तो भार थेट मेनथ्रेडवर असतो. पाच हजार फुटांखाली लांबच्या डोंगरांचा तपशील थोडा कमी झाला तर कुणाला कळतंय? दुसरं, रॅम. लॅमिंग्टन रोडवरून आणखी १६ जीबी आणून ३२ केली. १६वर सिम्युलेटर, ब्राउझरमधले चार्ट आणि ए३२० मिळून रॅम तुडुंब भरायची आणि विंडोज पेजफाइलकडे (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) धावायचं. सर्व्हिसेस बंद करून जी दीड-दोनशे एमबी वाचतात ती या हिशेबात कुठेच बसत नाहीत. तिसरं, स्टार्टअप अ‍ॅप्स. कीबोर्डच्या दिव्यांचं सॉफ्टवेअर, दोन गेम लाँचर, मीटिंगचं अ‍ॅप, मदरबोर्डवाल्याचं अपडेटर. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून हे बंद करायला पाच मिनिटं लागतात, धोका काही नाही, आणि सर्व्हिसेसच्या अख्ख्या यादीपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. दिव्यांचं सॉफ्टवेअर तर नुसतं बसून प्रोसेसर खात होतं.

मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे विंडोजचं एक सुरक्षेचं सेटिंग, बंद केल्यावरही थोडा एफपीएस वाढतो, हे मी करून बघितलंय. गेमसाठी ती तात्पुरती बंद करण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये सांगितला होता, खेळून झालं की परत चालू करा या सूचनेसह. याच पीसीवर नेट बँकिंग होतं, म्हणून मी ती पुन्हा चालू केली आणि चालूच ठेवली.

आवाजात खरखर येत असेल, विशेषतः इंजिनच्या आवाजात, तर सर्व्हिसेस सोडा आणि लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर उशीर करतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा. तिथे बहुतेक वेळा नेटवर्कचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी निघतो.

२०२४च्या आवृत्तीवर जाणाऱ्यांसाठी एवढंच, की ती विमानं आणि बराचसा डेटाही इंटरनेटवरून उडतानाच मागवते, डिस्कवर कमी ठेवते. तिथे सर्व्हिसेसची यादी उघडण्याआधी क्लाउडवर फायली चढवणारं अ‍ॅप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आणि घरातल्या टीव्हीवर चाललेली मालिका या तिघांकडे बघा, आणि जमलं तर वाय-फाय सोडून राउटरपासून केबल ओढा.