तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, पहाटे चार वाजता

सरकारी दवाखान्याविषयी चांगले बोलण्याची आमच्या भागात पद्धत नाही आणि मीही ती कधी मोडली नव्हती. ग्रामीण रुग्णालय म्हणजे चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहून जिल्ह्याला पाठवणारी जागा, अशीच माझी समजूत होती. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या पाच वर्षांच्या मुलीला मण्यार चावली, ती चावली आहे हे घरात कोणालाही कळले नाही, आणि त्या एका रात्रीत मला तीन दवाखान्यांची सेवा पाहावी लागली. नावे मुद्दाम टाळली आहेत. विदर्भातील कोणत्याही तालुक्यात असे तीन दवाखाने सापडतील.

आमचे गाव तालुक्यापासून १८ किलोमीटरवर आहे. पोळा आठवड्यावर आला होता, पावसाची झड लागलेली होती आणि मुलगी आजीजवळ जमिनीवर सतरंजी टाकून झोपली होती. रात्री सव्वादोनच्या सुमारास ती पोट दुखते म्हणून उठली आणि ओकली. आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरी जेवण झाले होते, त्यामुळे दोष अन्नाला लावून आम्ही बेंबीवर हिंग लावला, ओव्याचे पाणी पाजले आणि उतार पडण्याची वाट पाहत बसलो. अंगावर कुठे सूज नव्हती, रक्त नव्हते, दाताची खूण नव्हती. यात गेलेला पाऊण तास माझ्या खात्यावर आहे, तो मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

तालुक्याला पोहोचल्यावर गाडी सवयीने खासगी दवाखान्याकडे वळली. तेथे जे हजर होते त्यांनी पोट दाबून पाहिले, कमरेत एक इंजेक्शन दिले, ६०० रुपये घेतले आणि सकाळी पुन्हा आणायला सांगितले. मुलीच्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिले नाही. कोणते इंजेक्शन दिले याची चिठ्ठीही दिली नाही, आणि पुढच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी नेमके तेच विचारले. माझी तक्रार निदान चुकल्याची नाही. मण्यारीच्या दंशात सुरुवातीला नुसते पोट दुखते, उलटी होते, आणि त्यात भलेभले फसतात असे मला नंतर सांगण्यात आले. मात्र लहान मुलाला औषध देऊन कागद न देणे ही चूक नव्हे, तो बेपर्वाईचा रिवाज आहे आणि आपणही तो मुकाट्याने चालवून घेतो.

बाहेर येईपर्यंत तिचे डोळे मिटू लागले होते. इंजेक्शनाने झोप लागत असावी असे वाटून आम्हाला उलट बरेच वाटले. गाडीवर बसवताना ती म्हणाली, “मले दोन दोन बाबा दिसून रायले.” आवाज नाकातून येत होता. पत्नी म्हणाली, हे झोपेचे नाही, सरकारी दवाखान्यात चला.

ग्रामीण रुग्णालयाचे फाटक ओढून घेतलेले होते आणि त्यावरचा दिवा बंद होता. तातडीच्या रुग्णाने कोणत्या दाराने जायचे हे सांगणारी पाटी असेलही, पण अंधारात ती दिसत नव्हती. आधी मी बाह्यरुग्ण विभागाचे कुलूप हलवले, मग प्रसूती कक्षाच्या बाजूने कोणीतरी हाक दिली. सिस्टरांनी मुलीला पाहताच डॉक्टरांना फोन केला. ते आवारातील निवासातच राहत होते, त्यामुळे पाच-सात मिनिटांत आले.

त्यांनी पोटाला हात लावण्याआधी मुलीच्या तोंडासमोर बोट धरून ते वर नेले आणि बोटाकडे बघायला सांगितले. तिने प्रयत्न केला, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. लाळ गिळता येत नसल्याने ओठाच्या कडेने ओघळत होती. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “ही रात्री कुठं झोपली होती, खाटेवर की खाली?” खाली, असे म्हणताच त्यांनी सिस्टरांना सापाच्या लसीच्या १० कुप्या काढायला सांगितल्या.

मी हुज्जत घातली, हे कबूल करतो. चावल्याची खूण नाही, साप कोणी पाहिला नाही, मग लस कशाची? त्यांनी हातातले काम न थांबवता उत्तर दिले. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की खूण पुष्कळदा दिसतच नाही आणि झोपलेल्या माणसाला दुखून जागही येत नाही. ती रात्री फिरते, पावसाळ्यात उंदरा-बेडकांमागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेला माणूस तिच्या वाटेत सापडतो. पोटदुखी, उलटी, पडलेल्या पापण्या आणि जमिनीवरची झोप एवढे एकत्र आले तर खूण शोधत बसायचे नसते. मोठ्या माणसाइतकीच लस एवढ्याशा मुलीला का, असेही मी विचारले. “मूल लहान आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही,” असे ते म्हणाले.

पुढचा तास मी जवळून पाहिला. काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवली. घोणस किंवा फुरसे चावले तर हे रक्त गोठत नाही; आमच्या मुलीचे गोठले आणि संशय मण्यारीवर आणखी पक्का झाला. लस मात्र त्या नळीसाठी थांबली नव्हती. कुपीत कोरडी पूड असते. ती पाण्यात विरघळवताना सिस्टर कुपी जोराने न हलवता हातात हलकेच फिरवत होत्या, कारण फेस झाला तर औषध वाया जाते. लसीची रिॲक्शन आली तर द्यायचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आधीच भरून उशाशी ठेवले होते. सलाईनमधून लस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मुलीच्या अंगावर गांधी उठल्या आणि ती थरथरू लागली. लस थांबवून ते भरलेले इंजेक्शन मांडीत देण्यात आले, गांधी बसल्यावर लस पुन्हा सुरू झाली. यात कोठेही धावपळ नव्हती. जे होऊ शकते त्याची तयारी आधी करून ठेवलेली असली म्हणजे माणसे शांत राहतात, हे मी तेथे पाहिले.

दरम्यान आजीचा फोन आला. शेजाऱ्यांचा निरोप होता, “पोरीले मारोतीच्या देवळात आणा, तिथं विष उतरते.” फोन पत्नीने घेतला आणि काही न बोलता ठेवला.

व्हेंटिलेटर तेथे नव्हता. लस रक्तात फिरणारे विष अडवते, पण मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना एकदा केलेले नुकसान ती लगेच भरून काढू शकत नाही. ते भरून येईपर्यंत श्वास यंत्रानेच द्यावा लागतो. म्हणून १०८ ची रुग्णवाहिका बोलावली होती. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या या सेवेच्या गाडीत डॉक्टर असतात. वाटेत मुलीचा श्वास उथळ झाला तेव्हा आलेल्या डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरून जिल्ह्यापर्यंत हाताने पिशवी दाबत श्वास दिला. सोबतच्या पत्रात आगमनाची वेळ, लस सुरू केल्याची वेळ, कुप्यांची संख्या, आलेल्या गांधी आणि दिलेले इंजेक्शन सगळे लिहिले होते. खासगी दवाखान्याच्या जागी ‘अज्ञात इंजेक्शन’ एवढे दोन शब्द होते. हेही शेवटी ‘रेफर’च होते, पण उपचार करून पाठवणे आणि पाठवणे हाच उपचार समजणे यांत माझ्या मुलीच्या जिवाएवढे अंतर आहे. लसीशिवाय त्या दीड तासाच्या रस्त्यावर निघालो असतो तर काय झाले असते, हे मी कोणाला विचारलेले नाही.

जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयाविषयी थोडक्यात लिहितो. उपचार उत्तम होते. मुलगी सुमारे ५० तास व्हेंटिलेटरवर होती, पाचव्या दिवशी स्वतः पाणी प्यायली आणि आठव्या दिवशी घरी आलो. एका नळीसाठी बाहेर १,१४० रुपये लागले, बाकी खर्च झाला नाही. पण पहिले संपूर्ण दोन दिवस “सीरियस आहे” यापलीकडे आम्हाला कोणी काही सांगितले नाही. नातेवाइकांनी व्हरांड्यात फरशीवर झोपायचे, तेही जमिनीवर झोपल्याने साप चावलेल्या मुलीच्या आईबापांनी, यावर हसावे की रडावे ते कळत नव्हते. अखेर एका निवासी डॉक्टर मुलीने पहाटेच्या फेरीत दहा मिनिटे थांबून सगळे समजावले. हातपाय हलत नसले तरी तिला ऐकू येते, तिच्याशी बोला, असे तिने सांगितले. त्यानंतर पत्नी भेटीच्या वेळेत तिला आमच्या बैलांच्या गोष्टी सांगत असे.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आमच्यासारख्या गावांसाठी तो आराखडा म्हणजे ग्रामीण रुग्णालयातील भरलेले कपाट आणि आवारात राहणारा डॉक्टर, एवढाच आहे. सोयाबीन-कपाशीच्या वावरात राबणाऱ्या कोणत्याही आईबापाला मी सांगेन की पावसाळ्यात मूल मध्यरात्री पोटदुखीने उठले तर आधी त्याच्या पापण्या पाहा, आणि गाडी थेट सरकारी दवाखान्याकडे न्या.

आमच्या ग्रामीण रुग्णालयाला मी पाचपैकी चार गुण देतो. पंधरा दिवसांनी तपासणीसाठी मुलीला घेऊन गेलो असता डॉक्टरांनी पुन्हा तेच बोट तिच्यासमोर धरले आणि तिने ते हाताने पकडले. निघेपर्यंत अंधार पडला होता. फाटकावरचा दिवा त्या संध्याकाळीही बंद होता.