ईपीएसच्या नावाखाली वायपरची मोटर

जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग, पेडल आणि सीट वापरून बनवलेले, कॉम्प्युटरवर गाडीचे गेम खेळायचे गेमिंग कॉकपिट हल्ली सोशल मीडियावर सर्रास विकायला असतात. त्यातला एक मी 38,000 रुपयांना घेतला. पैशांचं दुःख आहेच, पण त्या स्टिअरिंगमध्ये न फुटलेली एअरबॅग तशीच ठेवून माल माझ्या घरी पाठवला होता, म्हणून हे लिहायला बसलो. विक्रेत्याचं नाव देत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि दुसरं म्हणजे त्याने नाव कधीच बदललंय.

कारचे पार्ट वापरून कॉकपिट बनवणं हा मुळात लबाडीचा धंदा नाही. मन लावून हे काम करणारी माणसं आहेत. भंगारातली सीट, चौकोनी पाइपची फ्रेम, जुन्या मारुतीचे पेडल आणि त्यांना जोडलेले सेन्सर, एवढ्यावर उत्तम चीज उभी राहते. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कुठलाही बरा टर्नर स्टिअरिंगच्या दांड्यावर बसणारा हब लेथवर काढून देईल. 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा भोकं पाडली की बाजारातली बरीच स्पोर्ट्स स्टिअरिंग त्यावर बसतात. मोह का होतो तेही उघड आहे. दुकानात जेवढ्यात नुसतं स्टिअरिंग आणि पेडल येतात, तेवढ्यात इथे सीटसकट सगळं मिळतं, वर हातात खऱ्या गाडीचं स्टिअरिंग.

जाहिरातीत म्हटलं होतं की स्टिअरिंगला ईपीएसची मोटर आहे, त्यामुळे फोर्स फीडबॅक खराखुरा मिळेल. फोर्स फीडबॅक म्हणजे गेममधल्या गाडीवर पडणारा जोर मोटरने हाताला जाणवून देणं. ईपीएस म्हणजे विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग. छोट्या गाड्यांत त्याची मोटर बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेली असते. ब्रेकला 200 किलोचा लोड सेल असल्याचं सांगितलं होतं. लोड सेल असेल तर पेडल किती सरकलं यापेक्षा ते किती जोराने दाबलं हे मोजलं जातं, आणि ब्रेकवर नेमका ताबा त्यानेच येतो. हे सगळं कॉम्प्युटरला जोडणारा कंट्रोलर म्हणे ‘आमचा स्वतःचा’.

सोबत व्हिडिओ होता. पडद्यावर गाडी वळणं घेतेय, इकडे स्टिअरिंग आपोआप डावीउजवीकडे फिरतंय आणि झपकन मध्यावर येऊन थांबतंय. बघणारा तिथेच गार होतो. पण त्या अख्ख्या व्हिडिओत स्टिअरिंगवर एकदाही कुणाचा हात नाही. मेख तिथेच आहे. मोकळं स्टिअरिंग फिरवून दाखवणं कुठल्याही मोटरला जमतं. फोर्स फीडबॅकची परीक्षा होते ती माणसाने स्टिअरिंग धरल्यावर, मोटरच्या विरुद्ध जोर लावल्यावर.

15,000 आगाऊ आणि बाकीचे पॅकिंगचा व्हिडिओ आल्यावर, असं ठरलं होतं. बिल मागितलं तेव्हा उत्तर आलं, “जीएसटी लावला तर सात हजार वाढतील सर, कशाला?” माल ट्रान्सपोर्टने टू-पे आला, म्हणजे भाडं मीच भरायचं. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, लिहिलं होतं ‘घरगुती सामान’, किंमत 2,000. ही बिल्टी जपून ठेवली आहे. माल 38,000 चा असून कागदावर 2,000 दाखवणाऱ्याचा हेतू काय, हे पुढे वेगळं सांगावं लागत नाही.

जोडणी झाली. वीज बंद असताना स्टिअरिंग जागचं हलेना. विक्रेता म्हणाला, “सेफ्टी लॉक आहे सर.” वीज चालू केली तर घर्रघर्र करत फिरायचं, पण हाताने वळवू पाहिलं की भिंत. वळणावर जड होणं नाही, घसरल्यावर सैल पडणं नाही, कडेच्या पट्टीवर चाक चढलं तरी थरथर नाही. गाडी गेममध्ये कठड्याला धडकली तरी स्टिअरिंग आपल्याच लयीत मध्यावर यायचं.

माझे मामा आयुष्यभर उद्यमनगरात टर्नर होते. कॉम्प्युटर गेमशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्यांनी मोटरवरचं काळं कव्हर काढलं आणि हसायलाच लागले. “आरं, ही वायपरची मोटार हाय की! हिला हातानं उलटी फिरवतोस व्हय?”

मग त्यांनी जे समजावलं ते या नादात पडणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. वायपरच्या मोटरमध्ये वर्म गिअर असतो. मोटरचा स्क्रू दातेरी चाकाला फिरवतो, पण चाकाकडून स्क्रूला फिरवता येत नाही. ते मुद्दामच तसं असतं, कारण वाऱ्याच्या झोताने वायपर जागचे हलता कामा नयेत. ईपीएसमध्येही वर्म गिअरच असतो, मात्र त्याचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की इंजिन बंद असताना, मोटर मेली तरी, माणसाला जोर लावून गाडी वळवता यावी. म्हणून वीज बंद असताना जे स्टिअरिंग हाताने अजिबात फिरत नाही, ते फोर्स फीडबॅकच्या कामाचंच नाही. व्हिडिओ कॉलवर विक्रेत्याला प्लग काढायला सांगा आणि मग स्टिअरिंग हाताने फिरवायला लावा. एवढ्यावरच निम्मे भामटे फोन ठेवतील.

खूण आणखीही एक होती. वीजपुरवठ्याचा डबा होता 12 व्होल्ट 10 अँपिअरचा, एलईडी पट्ट्यांना लावतात तो. जोर लावायची वेळ आली की ईपीएसची मोटर याच्या कितीतरी पट करंट ओढते. वायपरच्या मोटरला मात्र तो भरपूर होतो.

ब्रेकची गोष्ट तर याहून लबाडीची. पेडलखाली लोड सेल होता, खरा. त्याच्या शेजारी, लोड सेलचा सिग्नल वाचणारं एचएक्स 711 चं हिरवं कार्डही चिकटवलेलं होतं. पण लोड सेलच्या चार वायरी कार्डापर्यंत येऊन हॉट ग्लूच्या गोळ्यात संपत होत्या. कार्डातून पुढे काहीच जात नव्हतं. सगळं काम चाललं होतं पेडलच्या खिळीला बसवलेल्या साध्या पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे पेडल किती सरकलं एवढंच मोजणाऱ्या फिरत्या सेन्सरवर. तो फिरतो जवळजवळ 300 अंश आणि पेडल त्याला फिरवतं जेमतेम 30. कंट्रोलर 0 ते 1023 असं मोजतो, त्यातल्या शंभरेक पायऱ्याच वापरात येतात. कॅलिब्रेशन केलं की पडद्यावरची पट्टी पूर्ण भरलेली दिसते, त्यामुळे शंका येत नाही. ब्रेक मात्र हप्त्याहप्त्याने लागतो. तपासायचं असेल तर पेडलच्या मागे लाकडाचा ठोकळा घाला, म्हणजे ते सरकणार नाही, आणि मग दाबा. आकडा वाढला तर लोड सेल जिवंत. जागचा हलला नाही तर तो शोभेचा.

‘आमचा स्वतःचा’ कंट्रोलर म्हणजे चिपवरची अक्षरं खरवडलेला एक अर्डुइनो, म्हणजे बाजारात सहज मिळणारं प्रोग्राम करायचं कार्ड, निघाला. विंडोजमध्ये डिव्हाइसच्या हार्डवेअर आयडीत 2341 हा आकडा दिसला. तो अर्डुइनोचा क्रमांक आहे. अर्डुइनो वापरणं हा काही गुन्हा नाही, बहुतेक हौशी लोक तोच वापरतात. पण गेमच्या सेटिंगमध्ये फोर्स फीडबॅकचा भाग करडाच राहिला होता, म्हणजे गेमच्या दृष्टीने ही नुसती जॉयस्टिक. स्टिअरिंगचं मध्यावर येणं अर्डुइनो स्वतःच्या मनाने करत होता.

इथवर ही पैशांची फसवणूक होती. पुढचं जिवाशी खेळणं आहे.

स्टिअरिंगच्या पॅडवर कडेने ड्रिल मारून बटणं बसवली होती. मामांनी मागचं झाकण उघडलं तर आत पिवळ्या वायरी. त्यांचा पिवळा प्लग कापून टाकलेला, टोकांना चिकटपट्टी, आणि त्याच जुडग्यातून मोटरची 12 व्होल्टची वायर गेलेली. मामांनी हात मागे घेतला. गाडीत पिवळा रंग एअरबॅगच्या वायरींना देतात. त्या कनेक्टरमध्ये एक पत्री असते. प्लग निघाला की ती दोन्ही पिना आपसात जोडते, म्हणजे भलतीकडून करंट आला तरी बॅग फुटू नये. प्लग कापला की ते संरक्षणही गेलं. ही बॅग फुटायला साधारण सेकंदाचा तिसावा भाग पुरतो, आणि पट्टा न लावता, तोंड पुढे काढून खेळणाऱ्या पोराच्या चेहऱ्यापासून ती वीतभर अंतरावर असते. शिवाय ड्रिलचं टोक आणखी थोडं आत गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार विक्रेत्याने केलेला दिसत नाही.

1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे भंगारातल्या स्टिअरिंगमध्ये ती सापडण्याचं प्रमाण वाढतच जाणार. सीटच्या कुशीतही असते, म्हणून सीटखाली पिवळा कनेक्टर आहे का ते बघा. दिसला तर मल्टिमीटर लावून ‘चालू आहे का’ हे मुळीच तपासू नका; मीटरचा करंटही धोक्याचा ठरू शकतो. सगळी वीज काढा आणि जाणकाराला बोलवा. आमच्याकडची बॅग मामांच्या ओळखीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिकने, पॅडची बाजू वर ठेवून, जपून नेली.

विक्रेत्याला विचारलं की उत्तर ठरलेलं. “हाताने बनवलेली वस्तू आहे सर, उन्नीस-बीस होणारच. ट्यूनिंग करावं लागतं.” या धंद्यात लबाडाला हीच मोठी सोय आहे. कंपनीच्या वस्तूवर आकडे छापलेले असतात, वॉरंटी असते, दुसऱ्याकडची तीच वस्तू शेजारी ठेवून बघता येते. घरगुती कॉकपिट जगात एकच असतो, म्हणून त्यातला प्रत्येक खोटेपणा ‘सेटिंग’ या शब्दाखाली लपवता येतो. म्हणून पैसे देण्याआधी मोटर कोणत्या गाडीची, तिचा पार्ट नंबर काय, सप्लाय किती अँपिअरचा, सेन्सर कोणता, हे सगळं चॅटवर लिहून घ्या. पार्ट ज्या गाडीचे आहेत तिच्या भंगाराची पावतीही मागा. चोरीचा माल गळ्यात पडला तर ती आणखी वेगळी कटकट.

पुढे ‘नवं ड्रायव्हर कार्ड’ म्हणून 2,500 मागितले. मी नकार दिल्यावर सूर बदलला. 5,000 परत करतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर पिन मागितला. पैसे यायला पिन लागत नाही, तो फक्त पाठवायला लागतो. तिथेच थांबलो, आणि त्याने मला ब्लॉक केलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हा क्रमांक पैसे गेल्यागेल्या लावला तर रक्कम पुढच्या खात्यात रोखली जाण्याची आशा असते. माझ्या बाबतीत माल येऊन, उघडून, भांडण होईपर्यंत वेळ निघून गेली होती. शिवाय वस्तू हातात आलेली असल्याने हा व्यवहारातला वाद मानला जाण्याचा धोका असतो. म्हणून लेखी अर्जात ‘माल खराब निघाला’ एवढंच न लिहिता, ईपीएस सांगून वायपरची मोटर दिली आणि न जोडलेला लोड सेल दाखवण्यापुरता बसवला, असं फोटोंसकट लिहिलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीबद्दल आहे. जोडीला जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दिली. 2019 च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. चौकशीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

निळ्या पावडर कोटिंगची फ्रेम आणि पॅडवर ड्रिल मारून बसवलेली बटणं असलेला कॉकपिट आणखी कुणाकडे आला असेल तर आधी प्लग काढा आणि पिवळी वायर शोधा, मग तक्रारीचं बघा. विक्रेत्याशी भांडायच्या आधी त्याचे व्हिडिओ उतरवून ठेवा. माझी तक्रार गेल्यावर त्याच्या पानावरचे सगळे व्हिडिओ गायब झाले. माझ्याकडचा वाचला तो केवळ चॅटवर आला होता म्हणून.