फोन सिस्टीममधली मिररची डिस्क बदलल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारं ऑफिसचं पीबीएक्स (अंतर्गत फोन एक्स्चेंज), आत 1 टीबीच्या दोन डिस्क, त्यावर लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड 1, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच डेटा ठेवणारा मिरर. त्यातली एक गेली म्हणून नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी) बनवलेली सीएमआर डिस्क बसवली, म्हणजे जिच्यात डेटाचे ट्रॅक एकमेकांवर चढत नाहीत अशी. तेव्हापासून सिस्टीम बिनतक्रार चालू आहे. फोनच्या कामाला हीच जात घ्या, असं ठामपणे सांगेन.

डिस्क खराब होत असताना चालू कॉलमध्ये सहसा काही कळत नाही, कारण आवाजाची पॅकेट्स मेमरीतूनच पुढे जातात. अडकतं ते डिस्कवर अवलंबून असलेलं काम: आयव्हीआरची ('अमुकसाठी 1 दाबा' अशी) सूचना उशिरा वाजते, व्हॉइसमेल उघडत नाही, कॉल रिपोर्ट लटकतो. साधी डेस्कटॉप डिस्क एकेका खराब सेक्टरशी (साठवणीच्या छोट्या तुकड्याशी) मिनिटभरसुद्धा झगडत बसते. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल मात्र नेहमीच्या सेटिंगला 30 सेकंदच थांबतो. नॅसच्या डिस्क साधारण 7 सेकंदांत त्रुटी कळवतात आणि मिरर तो भाग दुसऱ्या डिस्कवरून वाचून घेतो. हा फरक डिस्क खराब होऊ लागली की जाणवतो.

डिस्क मागवण्याआधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघा. 5, 197 आणि 198 या क्रमांकांचे (खराब सेक्टरचे) आकडे वाढत असतील तर डिस्क गेली समजा. फक्त 199 (डेटा पाठवतानाच्या चुकांचा) वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा असतो. नवीन डिस्क सेक्टरच्या संख्येने जुनीइतकी किंवा मोठी हवी. लेबलवरच्या टीबीवर जाऊ नका.

खरी जोखीम उरलेल्या डिस्कची. दोन्ही बहुतेक एकाच लॉटमधल्या असतात आणि सिंक होताना, म्हणजे नवीन डिस्कवर सगळा डेटा उतरताना, जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचली जाते. कधीच न वाचलेले खराब सेक्टर नेमके तेव्हाच उघडे पडतात. त्यामुळे कॉन्फिगरेशन, व्हॉइसमेल आणि रेकॉर्डिंगचा बॅकअप मशीन बंद करण्याआधीच बाहेर काढा. वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच असं नाही.

खराब डिस्क आधी एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड कमांडने फेल करून काढा, मग सीरियल नंबर लेबलशी ताडून उपसा. लिनक्स डिस्कना देतो त्या एसडीए-एसडीबी या नावांवर विसंबू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांचा आराखडा) जुनीवरून नवीनवर उतरवताना दिशा दोनदा वाचा. उलट झालं तर चांगल्या डिस्कचं टेबल पुसलं जातं. टेबल जीपीटी या नव्या प्रकारचं असेल तर कॉपीनंतर नवीन डिस्कचे ओळखक्रमांक बदलून घ्या. मग प्रत्येक पार्टिशन आपापल्या अ‍ॅरेत (मिररच्या जोडीत) जोडा, बूटचं आणि स्वॅपचंही.

सेकंदाला 150 एमबीचा वेग मिळाला तर 1 टीबीला दोनेक तास लागतात. पण मशीनवर दुसरं काम असलं की कर्नल सिंकला मागे सारतो, आणि किमान वेगाची मूळ मर्यादा सेकंदाला फक्त 1000 केबी आहे. साधं वेव्ह रेकॉर्डिंग मिनिटाला जेमतेम 1 एमबी घेतं, तरी अनेक कॉलच्या बारीक नोंदी एकदम आल्या की वेग पार कोसळतो. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली) डिस्क असेल तर विचारूच नका. हे काम कॉल कमी असतानाच काढावं.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा बूटलोडर. मिररमध्ये फक्त पार्टिशनांतला डेटा जातो, बायोसवर (जुन्या पद्धतीने) बूट होणाऱ्या मशीनमध्ये बूटलोडरचा सुरुवातीचा भाग जात नाही. तो नवीन डिस्कवर वेगळा टाका आणि सिंक पूर्ण झाल्यावर एकट्या नवीन डिस्कवर मशीन उठतं का ते बघा. यूईएफआय या नव्या पद्धतीत बूटसाठीचं ईएफआय पार्टिशन बहुधा मिररबाहेर असतं, त्याचीही प्रत करावी लागते.

एक उणीव कायम आहे. मिरर तुटला तरी फोन वाजतच राहतात, म्हणून कोणी बघत नाही. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दोन 'यू'ऐवजी एक 'यू' आणि एक अधोरेषा दिसते, पण ती बघायला कोणीतरी हवं. एमडीएडीएमच्या मॉनिटरला मेलचा पत्ता देऊन चाचणीचा मेल खरंच पोचतो का ते तपासलं, महिन्यातून एकदा पूर्ण अ‍ॅरेची तपासणीही लावली. मधल्या काळात जुन्या डिस्कचा 197 हलू लागला, तेव्हा ती बंद पडण्याची वाट न बघता तीही याच पद्धतीने बदलली.