मोबाइलवर जुना मारिओ: नक्कल ॲप की एम्युलेटर?

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अँड्रॉइडवर अधिकृतपणे मिळत नाही. मग उरतात दोन वाटा.

पहिली वाट: नक्कल केलेली एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) टाकली की लगेच खेळ सुरू. पण उडीचा अंदाज हमखास चुकतो, कारण वेग आणि गुरुत्व नव्याने लिहिलेले असते. मधेच जाहिराती येतात. संपर्क किंवा एसएमएसची परवानगी मागितली तर ॲप सरळ काढून टाका. उड्या मारायला फोनबुक कशाला हवे?

दुसरी वाट एम्युलेटरची, म्हणजे जुन्या गेम यंत्रासारखे वागणाऱ्या ॲपची. रेट्रोआर्च हे असेच ॲप; त्यात मूळ खेळच चालतो. मात्र रॉम, म्हणजे खेळाची फाइल, स्वतःच्या कार्ट्रिजमधून (जुन्या यंत्रात घालायच्या गेमच्या डबीतून) काढलेली हवी. नेटवरची फुकट रॉम बेकायदाच. 'इंटीजर स्केल' (चित्र पूर्ण पटीतच मोठे करणारी सेटिंग) चालू करा: चित्राच्या २४० ओळी चौपट होऊन ९६० होतात, १०८० ओळींच्या पडद्यावर वर-खाली ६० पिक्सेल काळे राहतात, पण चित्र रेखीव दिसते. बटण उशिरा लागत असेल तर 'रन-अहेड' (पुढची चित्रे आधीच मोजून उशीर कमी करणारी सेटिंग) १ फ्रेम, म्हणजे एका चित्राइतके, ठेवा. वाढवत गेलात तर हालचाल तुटक दिसते.

खरी अडचण अंगठ्याची. पळण्यासाठी बी बटण दाबून ठेवायचे आणि त्याच अंगठ्याने उडीसाठी ए दाबायचे. काचेवर तो घसरतो आणि मारिओ खड्ड्यात. त्यासाठी ओटीजी केबलने (फोनला यूएसबी उपकरण जोडणारी केबल) साधा यूएसबी गेमपॅड जोडा.

कार्ट्रिज नसेल तर चोरटी नक्कल टाळून मारिओसारखाच मुक्तस्रोत खेळ 'सुपरटक्स' घ्या.