‘शुद्ध तांब्या’च्या वायरीने घातलेला गंडा

स्टिरिओसाठी घरीच इंटरकनेक्ट (दोन उपकरणं जोडणारी केबल) बनवणार असाल, तर ‘ओएफसी’ (ऑक्सिजनमुक्त तांबं) छापलेल्या वायरीचं टोक आधी ब्लेडने खरवडून बघा. माझ्या बंडलावर ९९.९९ टक्के तांबं, चांदीचा मुलामा, दाट जाळीचं शिल्ड (मधल्या तारेभोवतीचं धातूचं कवच) असं सगळं छापलेलं होतं. आत निघाली सीसीए, म्हणजे तांब्याचा पातळ थर चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम.

संशय आला तो सोल्डरिंग करताना. तार जरा जास्त तापली की वरचा थर सोल्डरमध्ये विरघळून जायचा, मग आरसीए (स्टिरिओच्या नेहमीच्या गोल प्लगच्या) पिनला डाग काही धरेना. वाकवली की तार तुटायची. ब्लेड फिरवल्यावर पितळ उघडं पडलं, खाली पांढुरका धातू. वजनातही कळतं म्हणा. तेवढ्याच आकाराच्या तांब्याच्या निम्म्याहूनही सीसीए हलकी.

आता गंमत अशी की मधल्या तारेत अ‍ॅल्युमिनियम असल्याने आवाज बिघडत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन इनपुटचा, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या जोडणीचा, रोध साधारण १० ते ५० किलोओहम, त्यापुढे मीटरभर तारेचा ओहमचा अंश कोण विचारतो? म्हणून तर ही लबाडी कानाला सापडत नाही. (चांदीही तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के चांगली वाहक, त्यामुळे त्या मुलाम्याचे पैसे तसेही वायाच.)

खरा दगा शिल्डमध्ये होता. आवरण जाडजूड, आत भरताड म्हणून सुती दोरा, आणि जाळी इतकी विरळ की आरपार दिसावं. आरसीए जोडणीत सिग्नलचा परतीचा रस्ता याच शिल्डमधून जातो. दोन उपकरणांच्या ग्राउंडमधला प्रवाहही त्यातूनच वाहतो, आणि शिल्डचा रोध जितका जास्त तितकी स्पीकरमध्ये घुर्रघुर्र जास्त. नवी केबल लावल्यापासून माझ्याकडे नेमकं तेच चाललं होतं.

तक्रार केल्यावर विक्रेत्याचं गोड उत्तर आलं: वायर अजून ‘बर्न-इन’ झाली नाही, म्हणजे वापरून रुळली नाही, काहीशे तास वाजवा. तेवढे तास वाजवेपर्यंत माल परत करायची मुदत उलटून जाते. हा सल्ला मिळाला की त्याच दिवशी माल परत पाठवा.

मोजायचं असेल तर तुकडा नको, लांब वायर घ्या. साधा मल्टीमीटर मीटरभर तारेत काही दाखवत नाही. ०.२२ चौरस मिलिमीटरची १० मीटर तांब्याची तार सुमारे ०.८ ओहम दाखवते, सीसीए १.२ च्या आसपास. मीटरच्या प्रोब एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. घेण्याआधी जाळी किती टक्के झाकते आणि दर मीटरला किती पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचं माप), हे विचारा. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या, हलत्या चुंबकाच्या भागाला) तर हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा, कारण केबलची कपॅसिटन्स वाढली की वरच्या पट्टीतला आवाज बदलतो. माझ्या विक्रेत्याकडे दोन्ही आकडे नव्हते. सोनेरी पिनांचे फोटो मात्र त्याने लगेच पाठवले.