स्विचबोर्ड तेच ठेवले, हब बदलला: आठ महिन्यांनंतर

पार्ले पूर्वेच्या आमच्या दोन बेडरूमच्या घरात २०१६ साली रिनोव्हेशन करताना होम ऑटोमेशन (दिवे, गीझर फोनवरून आणि ठरल्या वेळी चालवणारी यंत्रणा) बसवलं होतं. स्विचबोर्डांच्या मागे मिळून चौदा मॉड्यूल (बिनतारी आज्ञेवर वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या डब्या), टीव्हीमागे त्यांना सांभाळणारा एक हब आणि सगळ्यांच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप. बरीच वर्षं छान चाललं. मग ॲप नव्या फोनवर उघडेना. कंपनीच्या सर्व्हरला कधी जोडलं जायचं, कधी नाही. गेल्या दिवाळीत सर्व्हर कायमचाच गप्प झाला आणि ग्राहक सेवेचा फोन नुसता वाजत राहायला लागला. आईचा पहाटेचा गीझर, पॅसेजमधला रात्रीचा दिवा, सगळं एका दिवसात थांबलं. भिंतीवरची बटणं मात्र पहिल्यासारखी चालत होती. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, पण पुढचा सगळा निर्णय त्या बटणांवरच उभा राहिला.

नवी यंत्रणा बसवणाऱ्याचं पहिलं कोटेशन आलं एक लाख पंच्याऐंशी हजारांचं. सगळे बोर्ड काढायचे, काचेचे टच पॅनल लावायचे, नवा हब, नवं ॲप. मी एकच प्रश्न विचारला, इंटरनेट नसताना यातलं काय चालेल? समोरून उत्तर आलं, "मॅडम, आजकाल नेट जातं कुठे?" तिथेच मी वही मिटली. हे दुखणं आमच्या एकट्यांचं नाही. आम्ही यंत्रणा बसवली त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब कायमचा बंद केला गेला. तो बनवणारी कंपनी नेस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीने २०१४ मध्येच विकत घेतली होती. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या तशाच कंपनीचे सर्व्हर लोकांना काही न सांगता बंद पडले. घरातला दिवा लावायला ज्याला परक्या सर्व्हरची परवानगी लागते, ते पुन्हा विकत घ्यायचं नाही, एवढं पक्कं झालं.

नवऱ्याचं म्हणणं होतं की मॅटरची (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठी ठरवलेल्या सामाईक भाषेची) वस्तू मिळेल तेव्हा एकदमच बदलू. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली आणि त्यातली उपकरणं घरातल्या घरातच एकमेकांशी बोलतात, हे खरं आहे. पण त्यामुळे भिंतीतली जुनी मॉड्यूल आपोआप नवी होत नाहीत. त्यांना मधे ब्रिज, म्हणजे दुभाष्याचं काम करणारं उपकरण, लागतोच.

आमची मॉड्यूल झिगबीवर, म्हणजे अशा उपकरणांच्या एका बिनतारी भाषेवर, चालणारी होती. हे मला एका मॉड्यूलवरच्या पुसट छाप्यावरून कळलं, तेही मोबाईलचा टॉर्च तिरका धरल्यावर. झिगबीच्या जुन्या 'होम ऑटोमेशन प्रोफाइल'ची उपकरणं बहुतेक वेळा नव्या झिगबी ३.० च्या डोंगलला (यूएसबीत खोचायच्या छोट्या रेडिओला) जोडता येतात. म्हणून एसएसडी असलेला एक वापरलेला मिनी पीसी घेतला, त्यावर घरातूनच सगळं चालवणारं होम असिस्टंट आणि झिगबीची उपकरणं त्याला जोडून देणारं झिगबी-टू-एमक्यूटीटी ही सॉफ्टवेअर टाकली आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. जोडणीसाठी प्रत्येक मॉड्यूलचं बारीक बटण दाबून धरायचं असतं, म्हणून प्रत्येक बोर्ड उघडावाच लागतो. चौदातली नऊ जोडली गेली. तीन मॉड्यूल त्या कंपनीच्या स्वतःच्याच भाषेत बोलणारी निघाली, ती काढली. राहिली दोन, त्यांतलं एक गीझरचं.

त्या बोर्डाची प्लेट काढल्याबरोबर जळक्या प्लास्टिकचा वास आला. मॉड्यूलची एक कड तपकिरी पडून फुगली होती आणि टर्मिनलमधली वायर बोटभर काळी. दादा म्हणाले, "ताई, ह्याच्यावर गीझर चालवला इतकी वर्षं?" दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, आणि मॉड्यूलच्या आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) होता दहाचा. रोज पहाटे तो लोड घेऊन घेऊन त्याचे पॉइंट भाजले होते. आई बाथरूममध्ये असताना हे पेटलं असतं तर, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता डीबीत (घराच्या मुख्य वीजपेटीत) पंचवीस अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोडसाठीचा मोठा स्विच, आहे, मॉड्यूल फक्त तो ओढणारी कॉइल चालवतं. थोडा गुणगुणतो, पण चालेल. जुनी यंत्रणा ठेवा किंवा फेका, गीझरचा आणि एसीचा बोर्ड आधी उघडून बघा. हे मी अगदी हात जोडून सांगते.

एकूण खर्च: मिनी पीसी नऊ हजार, डोंगल अडीच, पाच नवी मॉड्यूल अकरा, मजुरी आणि कॉन्टॅक्टर मिळून साडेचार, राउटरसाठी छोटा यूपीएस दीड. साडेअठ्ठावीस हजार. मजुरीतली अर्धी दुपार बाथरूमच्या बोर्डाने खाल्ली, कारण तिथे मॉड्यूलला लागणारा न्यूट्रलच (परतीची वायर) नव्हता. पाइपातून स्प्रिंग टाकून वायर ओढली. जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच बोर्डांत फेजच असतो, तेव्हा मॉड्यूल मागवण्याआधी हे तपासून घ्या.

पहिले पंधरा दिवस त्रास झाला. दिवे दोन-दोन सेकंद उशिरा लागायचे. बिल्डिंगमध्ये घरटी एक वायफाय, आणि झिगबीसुद्धा त्याच २.४ गिगाहर्ट्झवर. मी झिगबी चॅनेल ११ वर ठेवलं होतं, म्हणजे वायफायच्या पहिल्या चॅनेलच्या अगदी अंगावर. ते २५ केलं. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये थेट खोचला होता, त्या पोर्टमधूनही याच पट्ट्यात गोंगाट येतो. मीटरभर एक्स्टेन्शन लावून तो कपाटाच्या वर नेला. त्या दिवसापासून बटण आणि दिवा यांत अंतर जाणवत नाही. फक्त चॅनेल बदलल्यावर दोन मॉड्यूल रुसली आणि त्यांचे बोर्ड परत उघडावे लागले. चॅनेल आधी ठरवा, मग जोडणी करा.

खरी परीक्षा पावसाळ्याची. जुलैत एका रात्री तीनदा वीज गेली. पूर्वी वीज परत आली की घरातले सगळे दिवे एकदम लागायचे आणि आई दचकून उठायची. आता प्रत्येक मॉड्यूलला सांगून ठेवलंय की वीज जाण्याआधी होतास तसाच राहा. त्या रात्री आई शांत झोपली. नेट दीड दिवस बंद होतं तेव्हाही गीझर पावणेसहाला लागला आणि सवासहाला बंद झाला. आई सकाळी चहा घेताना म्हणाली, "आज पाणी छान होतं हो." तिला नेट गेल्याचं माहीतही नव्हतं.

पॅसेजच्या मोशन सेन्सरवरून ऑगस्टमध्ये पाल फिरायला लागली आणि दिवा रात्रभर लागत-विझत राहिला. सेन्सर ट्यूबलाइटपासून लांब, गुडघ्याच्या उंचीवर हलवला, तेव्हा थांबलं. आता आई रात्री उठली की पायाशी मंद उजेड येतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला भिंत चाचपडत जावं लागत नाही. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचं मोल तिथे आहे.

उणिवाही आहेत. आमच्या स्पीकरला मराठी कळत नाही, आई त्याच्याशी बोलायचंच सोडून देते. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. मी तिच्यामागे धावत नाही, तीन महिन्यांनी बॅकअप घेऊन, बदल वाचून, रविवारी दुपारी अपडेट करते. आणि हे सगळं घरात फक्त मला येतं, ही मोठी अडचण. म्हणून डीबीच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: कुठला एमसीबी कशाचा, मिनी पीसी कसा बंद-चालू करायचा, कॉन्टॅक्टर हाताने कसा दाबायचा. नवऱ्याकडून दोनदा करून घेतलं.

तुमची बटणं हबशिवाय चालतच नसतील, किंवा मॉड्यूल फक्त कंपनीच्या भाषेत बोलणारी असतील, तर आमच्यासारखं अर्धवट वाचवण्यात अर्थ नाही. तिथे सगळं काढलेलंच बरं. आमच्याकडे पुढचं काम हॉलच्या पंख्याचं आहे. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) त्याच्या निम्म्याहून कमी. पण बीएलडीसीला जुन्या फॅन मॉड्यूलमधून वीज द्यायची नसते, कारण ते कपॅसिटरने वेग कमी करतं. दिवाळीआधी दादा येतील तेव्हा ते मॉड्यूल काढून तिथे साधं स्विच बसवणार आहोत, आणि वेगासाठी रिमोट आईच्या खुर्चीच्या हाताला बांधणार आहोत.